चॅपलच्या दारात काढलेले बूट

माझ्या भीतीची उंची सहा फूट चार इंच होती. उन्हानं तिच्या नाकाची कातडी सोललेली होती आणि ती रोज सकाळी साडेनऊला चहाचा मग घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची.

ही भीती म्हणजे आखातातल्या मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतला आमचा इंग्रज साहेब. पंप, कॉम्प्रेसर, पंखे, थोडक्यात त्या आवारात जे जे गरगर फिरतं त्या सगळ्याचा मालक तो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी मूळ नाशिकचा, पुण्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात सहा वर्षं हात काळे करून नुकताच तिथं लागलो होतो, आणि तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो. तीन महिन्यांनी साहेबानं कागदावर ‘कन्फर्म’ लिहून सही केली, की मंदूब, म्हणजे सरकारी कामांसाठी कंपनीनं ठेवलेला माणूस, माझ्या बायकोचा आणि मुलीचा व्हिसा काढायला घेणार. सही नाही झाली तर मला परतीचं तिकीट. मी निघालो तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. एसटीडी बूथमधून बायको फोन करायची तेव्हा मुलीच्या कानाला रिसीव्हर लावायची, आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा. “बोल गं, बाबा आहेत,” बायको म्हणायची. श्वास. मग मागून बूथवाल्याचा आवाज, “ताई, लाइन लागलीय.”

तर एवढं सगळं एका सहीवर टांगलेलं असताना शहाण्या माणसानं काय करावं? तोंड मिटून काम करावं. मी पहिल्याच आठवड्यात तोंड उघडलं.

चहाची वेळ होती. आमच्या पोर्टाकेबिनचा एसी इतका जोरात चालायचा की बाहेर पन्नास अंश आणि आत काश्मीर. चहावर साय नाही, बर्फ धरायचा. साहेबानं सहज विचारलं, “हे आपले मोठे पंप जिथं बनतात तिथं तुमच्यापैकी कुणी गेलंय का?” दोघे मल्याळी आणि एक इजिप्तचा फोरमन आपापल्या कपात बघायला लागले. शांतता मला लहानपणापासून सोसत नाही. मी म्हणालो, “मी गेलोय. सहा महिने ट्रेनिंगला.”

यातलं खरं सांगतो. आमच्या पुण्याच्या कारखान्याचं त्या इंग्लिश कारखान्याशी काम होतं, आणि एका इंजिनिअरला तिकडे पाठवायचं होतं. यादीत माझं नाव होतं. पासपोर्टसुद्धा झाला होता. शेवटच्या आठवड्यात माझं नाव गेलं आणि दुसऱ्याचं आलं. तो सहा महिन्यांनी गोरा होऊन परतला आणि त्यानं माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या वर सहा पोस्टकार्डं टाचणीनं लावली. तो जिथं राहिला होता तिथली. तीन वर्षं मी त्या सहा चित्रांखाली डबा खाल्ला. त्यामुळे एकदाही न जाता मला ती जागा आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होती.

गाव म्हणण्याइतकी ती मोठी नव्हती. आपल्याकडे त्याला वाडीच म्हणतील. एका कमानीचा दगडी पूल, इतका अरुंद की नवरा-बायकोला एकामागून एकच जाता यावं. छोटंसं चॅपल, त्यावर एक उघडी घंटा. चॅपलच्या अंगणात एक काळपट हिरवं, पोटात पोकळ असलेलं झाड. घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोणी. तीन हातांचा लाकडी दिशादर्शक, त्याचा एक हात मोडलेला. आणि भिंतीतच बसवलेली लाल टपालपेटी. संपली वाडी.

“राहायला कुठं होतास?” साहेबानं विचारलं.

कारखाना एका शहरात होता. शहराचं नाव सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण मला पाठ होतं ते पोस्टकार्डांखाली छापलेलं वाडीचं नाव, आणि मी ते ठणठणीत आवाजात सांगितलं.

साहेबाचा मग ओठांपर्यंत गेला होता तो तिथंच थांबला. कितीतरी वेळ. त्या वेळात मी मनातल्या मनात बॅग भरली, कुलूप लावलं आणि नाशिकरोड स्टेशनवर उतरलोसुद्धा.

“तिथं अकरा घरं आहेत,” साहेब हळू म्हणाला. “चौथ्या घरात माझी आई राहते.”

साहेब अर्थात इंग्रजीत बोलायचा. इथं मी त्याला मराठी बोलायला लावलंय, पण त्याच्या त्या वाक्यानं माझ्या पाठीवरून जे काही सरकत गेलं त्याला दोन्ही भाषांत शब्द नाही. आणि भयंकर गोष्ट म्हणजे तो रागावला नव्हता. त्याचे डोळे ओले झाले होते.

जवळच्या फिंतास गावातल्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीत वेंगुर्ल्याकडचे एक काका राहायचे. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, बारा वर्षं आखातात काढलेले, रोज संध्याकाळी सुक्या बांगड्याच्या वासात दासबोध वाचायचे. त्यांना सगळं सांगितलं.

“सा म्हयने?” पुस्तक मिटून काका म्हणाले. “मेल्या, तू पुण्यासून नाशकाक जाताना चंदनापुरीच्या घाटात उलटी करतंस. तू इंग्लंडात सा म्हयने रवलंस?”

“काका, आता काय करू ते सांगा.”

“सायबाक उद्याच्या उद्या सांगून टाक. आज तो हसात. म्हयन्यान सांगशीत तर तो रडात, आणि मगे तू रडशीत.”

मी सांगितलं नाही. सकाळी साडेनऊला चहाचा मग आला आणि मागोमाग साहेब. “ते झाड अजून उभं आहे ना?” उभं आहे, म्हणालो. पोस्टकार्डावर होतंच. “पोटातून पोकळ आहे ते. लहानपणी आम्ही तिघं आत मावायचो.” मी म्हणालो, मी एकटासुद्धा मावलो नाही. तो इतका हसला की मल्याळी माणसं घाबरून उठून उभी राहिली.

मग रोजचं झालं. भावाशी वाकडं आल्यामुळे साहेब नऊ वर्षं वाडीत गेला नव्हता. दर शुक्रवारी आईला फोन करायचा, पण आई म्हणे हवामानापलीकडे काही सांगत नाही. त्याला वाडी पाहिलेला माणूस मिळाला होता, आणि तो मी होतो. डोणीत पाणी असतं का? पुलावर शेवाळ किती? दिशादर्शकाचा हात बसवला की नाही? मी रात्री झोपेत उत्तरं तयार करायचो. भीतीनं माझं वजन आठवड्याला दोन किलो उतरत होतं. पँटला मी एवढी भोकं पाडली की पट्ट्यापेक्षा भोकंच जास्त झाली. एकदा पंपाची थरथर मोजायचं मीटर हातात धरून उभा होतो, पंप बंद, आणि मागून साहेबाचा आवाज आला, “एक विचारायचं राहिलंच.” मीटरचा काटा लाल पट्टीत गेला. पंप बंद होता, शप्पथ.

सहा पोस्टकार्डं किती दिवस पुरणार? अकराव्या आठवड्यात साठा संपला. मग मी माझ्याकडचं घालायला लागलो.

त्याचं असं झालं. साहेबानं विचारलं, “रविवारी चॅपलमध्ये जायचास का? तू हिंदू, तुला चालायचं?” मी म्हणालो, न चालायला काय झालं, देव तो देव. मी दर रविवारी जायचो. दारात बूट काढायचो, आत शिरताना घंटा वाजवायचो, आणि बाहेर पडल्यावर पायरीवर दोन मिनिटं टेकायचो.

साहेबानं हातातला मग खाली ठेवला. “बूट काढायचास,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला घास ताटात पडला. “अरे माज्या सायबा! चर्चात बूट घालूनच जातत रे! आमच्या वेंगुर्ल्यातलो कुत्रोसुदा तुका सांगतलो!”

मी कधी चर्चमध्ये गेलोच नव्हतो, मला काय माहीत? देवाच्या दारात माणूस चपला काढतो आणि घंटा वाजवतो, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? खोटं बोलताना मी फार सावध होतो, पण हे मला खोटं वाटलंच नव्हतं. म्हणून तर निसटलं.

पुढचे चार दिवस चहाचा मग आला नाही. साडेनऊ वाजायचे आणि दार उघडायचंच नाही. ते उघडण्यापेक्षाही वाईट होतं. त्याच आठवड्यात बायकोचा फोन आला. “काय हो, सगळं ठीक ना? आवाज असा का? मी पोरीचे गरम कपडे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला देऊन टाकलेत, तिकडे थंडी नसते ना?” मी म्हणालो, देऊ नको, परत घे. “का?” “तिकडेही असते थोडी,” म्हणालो. रिसीव्हरमध्ये मुलीचा श्वास आला. या वेळी त्यात एक शिंक होती. ती शिंक मी दोन दिवस जपून ठेवली.

गुरुवारी साहेब आला. प्रोबेशन संपायला नऊ दिवस होते. “उद्या दुपारी माझ्याकडे जेवायला ये,” म्हणाला. “आणि बोलू.”

काका म्हणाले, “जा. नवीन शर्ट घाल. मरतल्या माणसान बरो दिसाक होयो.”

साहेबाचं घर अहमदीला होतं, तेलकंपनीच्या जुन्या बंगल्यांच्या ओळीत, पुढे हिरवळीचा एक पट्टा. तो पट्टा हिरवा ठेवायला दिवसाला एक विहीर लागत असणार. आत गेलो तर जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं. टेबलभर कागद पसरलेला होता, त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेली वाडी. अकरा घरं, पूल, चॅपल, सगळं. बटाटे उकडून बाजूच्या स्टुलावर ठेवले होते, मी शाकाहारी म्हणून.

“हे मला आठवतं तेवढं,” साहेब म्हणाला. “नऊ वर्षांत काय बदललं ते तू घाल. पुसलंस तरी चालेल.” आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

मी पेन्सिल कागदावर टेकवली. पेन्सिलीनं आपोआप ठिपके पडायला लागले, तेव्हा काहीतरी काढणं भागच होतं. मी त्या पोकळ झाडाभोवती एक गोल काढला. साहेब वाकला. “हे काय?” “बसायला,” मी म्हणालो. “दगडी ओटा. म्हातारी माणसं बसतात.” पुलाच्या अलीकडे दोन खांब काढले. “हे?” “वाडीत शिरायचा दरवाजा.” चौकात एक आड काढला, त्यावर रहाट. वाडीच्या वेशीबाहेर एक चौकोन काढला आणि पेन्सिल थांबली, कारण माझ्या लक्षात आलं की हा मारुती आहे. मी एका इंग्लिश वाडीत माझ्या वडिलांचं गाव काढत होतो. पार, वेस, आड, मारुती. भीतीनं मला दुसरं काही येतच नव्हतं.

“आई म्हणाली नाही कधी की झाडाला ओटा बांधलाय,” साहेब म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच होता, आणि ती शंका होती की आनंद, ते मला कळेना. “तिला हवाच होता. तिचे पाय दुखतात. मी तिला तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय. तिला तुझ्याशी बोलायचंय.”

आणि त्यानं फोन उचलला.

आयुष्यात मी खूप गोष्टींना भ्यालोय. विंचवाला, दहावीच्या निकालाला, सासऱ्यांना. पण त्या फोनची चकती फिरत होती तेव्हा जी भीती मला वाटली तिच्यापुढे विंचू म्हणजे पाव्हणा. मी दाराकडे पाहिलं. बाहेर ऊन आणि बत्तीस मैल वाळवंट. साहेब दोन वाक्यं बोलला आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन चहा करायला वळला. स्वयंपाकघर तिथंच होतं, दार उघडं, पाठ दिसत होती.

“बूट काढणारे तुम्हीच का?” एक बारीक, कोरडा आवाज.

“हो, मॅडम.”

“बाळा, हिवाळ्यात त्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं तर पाय तोडावे लागतात. ऐंशी वर्षांत आमच्या चॅपलच्या दारात एकाच माणसानं बूट काढले. तो दारू प्यालेला होता आणि त्याला ते आपलं घर वाटलं होतं.”

मी रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबला.

“आणि घंटा वाजवता म्हणे. तिची दोरी युद्धाच्या वेळी गेली, ती पुन्हा बसवलीच नाही. तुमचा तो पुण्याचा मुलगा माझ्याकडेच वरच्या खोलीत राहायचा. केस कुरळे होते, रात्री रडायचा. तुम्ही तो नाही. तुम्ही इथं कधी आलाच नाहीत. बरोबर?”

स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागल्याचा आवाज यायला लागला. मला माझी मुलगी दिसली, कानाला रिसीव्हर लावलेली. मी दुसऱ्या टोकाला तिच्यासारखाच नुसता श्वास घेत होतो.

“नाही, मॅडम,” मी म्हणालो.

साहेबानं मान वळवून पाहिलं.

“मग हे तुम्हीच त्याला सांगा,” आवाज म्हणाला. “चहा आणायच्या आत. मी सांगितलं तर त्याला फार लागेल. दर शुक्रवारी तो तुमच्याबद्दलच बोलतो.” आणि फोन बंद.

साहेब दोन कप घेऊन आला आणि मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पोस्टकार्डं, यादीतलं नाव, डबा, सगळं. एरवी मी दोन वाक्यांत चार वाढवतो. त्या दिवशी चारांतली दोन गिळत होतो. साहेब उभाच होता. मग त्यानं कागदावर बोट ठेवलं.

“हा ओटा?”

“आमच्या गावचा.”

“विहीर?”

“आमचीच.”

“पूल?”

“पोस्टकार्डावरचा.”

त्यानं कागदाची घडी घातली, चार वेळा, अगदी काठ जुळवून. “बटाटे गार होतायत,” म्हणाला. मी खाल्ले. मग त्यानं मला गाडीनं फिंतासला सोडलं. सगळी वाट समुद्र डाव्या हाताला की उजव्या हाताला तेही मला कळलं नाही. उतरताना म्हणाला, “उद्या सहाला. राखीव पंपापाशी. एकटा ये.”

काकांनी माझी बॅग पलंगाखालून काढून, पुसून ठेवली. काही बोलले नाहीत. काका बोलले नाहीत म्हटल्यावर मी समजायचं ते समजलो.

सकाळी सहाला साहेब एक लाकडी खोका उलटा करून त्यावर बसला होता. “खोल,” म्हणाला. त्याच कारखान्याचा पंप, ज्याच्या ट्रेनिंगला मी गेलो नव्हतो. मदतीला कुणी नाही. मी कपलिंग सोडवलं, केसिंग उघडलं, सील बदललं, बेअरिंग पाहिलं, पुन्हा सगळं बसवलं आणि डायल गेज लावून मोटर आणि पंप एका रेषेत आणायला लागलो. सात तास. साहेब हलला नाही. पाना दोनदा हातातून निसटला, कारण हात घामानं नव्हे, भीतीनं ओले होते. घाम तर तिथं बाहेर येण्याआधीच वाळतो. एकदा वाटलं, काहीतरी बोलावं, एखादी गंमत सांगावी. तोंड उघडलं आणि मिटलं.

दुपारी एकला मी बाजूला झालो. साहेबानं स्वतः बटण दाबलं, आणि पंपाच्या अंगाला मीटर लावलं. मी काट्याकडे पाहिलं नाही, साहेबाच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काही दिसत नव्हतं. त्यानं मीटर दुसऱ्या बाजूला लावलं, मग वर, मग पुन्हा पहिल्या जागी. मग पंप बंद केला.

केबिनमध्ये त्यानं माझा कागद काढला. परदेशातलं ट्रेनिंग, या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सहा महिने, इंग्लंड. त्यानं ते आडवी रेघ मारून खोडलं, वर ‘नाही’ लिहिलं आणि बाजूला आद्याक्षरं केली. पेन सहीच्या जागेवर येऊन थांबलं.

“हे काम शिकलास कुठं?”

“पुण्यात.”

“मग पुण्याचं सांगायचं होतंस.”

आणि त्यानं सही केली. कागद माझ्या हातात दिला नाही, मंदूबच्या ट्रेमध्ये टाकला. त्यानंतर मी तिथं होतो तितकी वर्षं तो माझ्याशी नीट वागला, कामाचं बोलला, माझी दोनदा बढती त्यानंच केली. पण साडेनऊला माझ्या टेबलाशी त्याचा चहाचा मग पुन्हा आला नाही. तो आपल्या काचेच्या केबिनमध्ये एकटाच चहा प्यायचा, आणि मी तिकडे बघणं टाळायचो.

दोन महिन्यांनी विमानतळावर मी कठड्याशी उभा होतो. विमान उतरून दीड तास झाला होता. सगळे बाहेर आले, माझी दोघं नाहीत. काचेतून दिसलं, एक अधिकारी बायकोच्या हातातले कागद घेऊन आतल्या खोलीत गेला. साहेबानं फोन केला असणार. आईनं केला असणार. ती खोडलेली ओळ कुणीतरी उजेडात धरून बघत असणार. काका शेजारी उभे होते, कुणाची तरी गाडी मागून आणलेली. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

मग तो अधिकारी शिक्का मारलेले कागद परत देताना दिसला, आणि दार सरकलं. बायको बाहेर आली, कडेवर मुलगी, अंगात लोकरीचा स्वेटर, घामानं लाल झालेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

“अहो, बोला की काहीतरी तिच्याशी,” बायको म्हणाली. “एरवी तर थांबत नाही तुम्ही.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वेटर ओला होता, आणि आतून ती भराभर श्वास घेत होती.

“वैनी,” काका बॅग उचलत म्हणाले, “आज पयल्यांदाच गप आसा. आदी गाडयेत बसा, मगे तेका तोंड फुटात.”